भरलेली सुरमई जाळीला चिकटते, फुटते, आणि वर वाईन लोखंडी लागते: काय काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते ओळखा, मग पुढे वाचा.

– तुकडी उलटायला गेलं की कातडी आणि वरचा पापुद्रा जाळीलाच राहतो.
– सारण निम्म्यातच बाहेर येऊन निखाऱ्यावर पडतं, धूर होतो आणि तुकडीत नुसता रिकामा खिसा उरतो.
– बाहेरून काळी, मधल्या काट्यापाशी कच्ची.
– वर पांढरे थेंब साकळलेले आणि घास चोथ्यासारखा.
– शिजलीय, पण पिठूळ. बोटानं दाबलं की भुगा.
– मासा झक्क झालाय, पण वाईनचा घोट घेतला की तोंडात गंजक्या खिळ्याची चव. नाहीतर मिरचीचा जाळ दुप्पट.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आधी प्लग बघायचा, मग फ्यूज, मग वायर, आणि मोटर उघडायची ती सगळ्यात शेवटी. नवीन पोरं उलटं करतात, थेट पाना घेऊन मोटरीवर बसतात. गच्चीवरच्या शेगडीपाशी मीही बराच काळ तेच केलं. मासा चिकटला की नवी जाळी आणायची, पुढच्या खेपेला नवी शेगडी. सासुरवाडी अलिबागची. तिथे भरलेलं पापलेट तव्यावर करतात आणि ते कधीच फुटत नाही. सुरमईच्या जाड तुकड्या भरून कोळशावर भाजायचं खूळ माझं, त्यामुळे निस्तरायचंही मीच. आता मित्रांच्या गच्च्यांवरून, मळ्यांवरून ‘जरा येऊन बघ ना’ असे फोन येतात. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा चोर एकच असतो, पाणी. माशावरचं, सारणातलं, कधी कधी तर कोळशातलंसुद्धा.

म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो. वरून सुरुवात करा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

फुकटात होणारी तपासणी: पंचा

तुकड्यांना मीठ लावा, ताटलीत पंधरा मिनिटं ठेवा. माशाला घाम सुटेल. तो पुसा. पुसा म्हणजे वरवर टिपू नका. जुना सुती पंचा घ्या, तुकडी त्यात गुंडाळा, दोन्ही तळव्यांत धरून हलकी दाबा. कातडीची कड आणि पोटाकडचा पोकळ भागही कोरडा करा, पाणी लपून बसतं ते तिथेच.

आमच्या सासूबाई पहिल्यांदा नाशिकला आल्या तेव्हा मी मसाला लावलेल्या तुकड्या मोठ्या ऐटीत जाळीवर ठेवत होतो. त्यांनी एक तुकडी उचलून तिरकी धरली. कोपऱ्यातून एक हळदीचा थेंब लोंबला, ओघळला, निखाऱ्यावर पडून चर्र झाला. “हे पाणी आटेपर्यंत मासा भाजत नाही हो, उकडतोय,” एवढंच म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. त्या दिवशी चारांपैकी तीन तुकड्या जाळीला राहिल्या.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पाणी आहे तोवर तुकडीचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. खमंग तांबूस थर धरायला साधारण १४० अंश लागतात. मधल्या वेळात माशातली ओली प्रथिनं गरम लोखंडाला सरळ चिकटून बसतात, खळीसारखी. कोरड्या तुकडीवर थर चटकन धरतो, आणि थर धरला की ती आपसूक सुटते.

फ्रीजमध्ये जागा असेल तर पुसलेल्या तुकड्या अर्धा तास उघड्याच ठेवा. फ्रीजची कोरडी हवा उरलंसुरलं ओढून घेते. घरचे वासावरून बोलतील, ऐकून घ्या.

हेही फुकट: हात आवरा

चिकटण्याच्या निम्म्या तक्रारी इथे मिटतात. तुकडी ठेवल्यावर तीन-साडेतीन मिनिटं तिला हात लावायचा नाही. खालून कालथा घालून बघणं, सरकवणं, दाबणं, काही नाही. दाबलं की सारण बाहेर येतं ते वेगळंच. वेळ झाली की एक कोपरा हलकेच उचला. सहज उचलला तर उलटा. धरून ठेवतेय असं वाटलं तर अजून अर्धा मिनिट द्या. जबरदस्ती केलीत तर थर जाळीचा आणि मांस तुमचं.

उलटायचं एकदाच.

जाळी

जाळी स्वच्छ, तापलेली आणि तेलकट हवी, याच क्रमानं. मागच्या खेपेची काजळी आणि चिकटलेले कण हे नव्या माशाला धरायला तयार हुकच असतात. आधी रिकामी जाळी निखाऱ्यावर आठ-दहा मिनिटं तापवा, मग खरवडा. तारेचा ब्रश वापरू नका. त्याची तार तुटते, जाळीत अडकते आणि घासातून घशात जाऊ शकते. नारळाची शेंडी चिमट्यात धरून घासा, काम चोख होतं. नाहीतर फॉइलचा चुरगाळलेला गोळा.

मग अर्धा कांदा काट्याला टोचा, तेलात बुडवा आणि जाळीवर फिरवा. तेल माशालाही लावा, पण पुसटसं. ओघळणारं तेल निखाऱ्यावर पडून भडका उठतो, आणि त्या काजळीची कडवट चव लोक ‘स्मोकी’ म्हणून खपवतात.

आच पुरेशी आहे का हे तळहातानं कळतं. जाळीपासून पाच इंचांवर हात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर जोराची आच, चार-पाच सेकंद तग धरला तर मध्यम. सात-आठ सेकंद निवांत ठेवता येत असेल तर अजून मासा ठेवू नका, गप्पा मारा.

लिंबू आणि घड्याळ

‘पिठूळ’ हे लक्षण असेल तर आधी विचारा, मुरवणात लिंबू कधी घातलं होतं. आंबटामुळे माशाची प्रथिनं विस्तव नसतानाही ‘शिजतात’. कच्चा पारदर्शक रंग जाऊन वरचा थर पांढुरका दिसू लागला की समजा उशीर झाला. कोंबडी रात्रभर मुरवतात म्हणून मासाही मुरवायचा नसतो. लिंबू लावायचंच तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं. मी तर भाजून झाल्यावरच पिळतो. दही, व्हिनेगर, कोकमाचं आगळ, सगळ्यांना हाच नियम.

लिंबू नसतानाही पिठूळ झाली, तर मासाच जुना आहे किंवा गोठवून वितळवलेला आहे. त्याचं पुढे बघू.

सारण: खरा बिघाड इथेच असतो

यावर जरा वेळ घालवतो, कारण मी बघितलेल्या फुटक्या तुकड्यांपैकी बहुतेक इथेच फसल्या होत्या.

आपण चटणी वाटतो ती पोळीला लावायला. मिक्सर फिरत नाही म्हणून त्यात दोन चमचे पाणी ढकलतो. पोळीला चालतं. माशाच्या खिशात तेच पाणी तापतं, त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला कित्येक पटींनी जास्त जागा लागते. खिशाला तोंड एकच, तेही टूथपिकनं बंद केलेलं. मग काय, कुकरची शिट्टी! सारण तोंडातून तरी येतं किंवा तुकडी कडेला फाटते.

सोपी परीक्षा सांगतो. एक चमचा सारण स्टीलच्या ताटलीत ठेवा आणि ताटलीच्या एका कडेखाली वाटी सरकवून ती तिरकी करा. पाच मिनिटांनी बघा. सारणाखालून हिरव्या पाण्याची रेघ उतरलेली दिसली तर ते सारण भरायच्या लायकीचं नाही. नुसता ओलसर डाग दिसला तर चालेल.

नापास झालं तर असं दुरुस्त करा. कढईत चमचाभर तेलावर तीन-चार मिनिटं परता, खोबरं कडेनं सुटं होऊ लागेपर्यंत. सहा तुकड्यांच्या सारणात दोन चमचे डाळ्याचं कूट घाला, ते पाणी धरून ठेवतं. ब्रेडचा चुरा नको, तो लगदा होतो. कच्चा कांदा अजिबात नको. मीठ लागलं की कांदा रडतोच, आणि तो रडतो तुकडीच्या पोटात. कांदा हवाच असेल तर तांबूस परतून घ्या. आंबटपणासाठी लिंबाऐवजी दोन आमसुलं बारीक चिरून घाला, चव येते आणि पाणी येत नाही.

माझं सहा तुकड्यांचं माप असं: वाटीभर ओलं खोबरं, निवडून धुऊन पूर्ण वाळवलेली दोन मुठी कोथिंबीर, पाच-सहा हिरव्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मीठ, जिरं. कोथिंबीर धुऊन लगेच वाटली तर वर सांगितलेलं सगळं वाया जातं, म्हणून ती सकाळीच धुऊन फडक्यावर पसरायची. वाटताना मिक्सर थांबत थांबत फिरवा. घरात पाटा असेल तर प्रश्नच मिटला.

सारण गार होऊ द्या. गरम सारण कच्च्या माशात भरून ठेवणं धोक्याचं आहे. उलट फ्रीजमधून काढलेलं थंडगार गच्च सारण भरलं तर बाहेरून मासा होतो आणि मधे बर्फ राहतो. भरायचं ते शेगडीवर ठेवायच्या आधी अर्धा तास, त्याहून आधी नाही. आणि तुकडीमागे एक सपाट मोठा चमचा पुरे. ‘भरलेली’ म्हणजे टम्म फुगलेली नव्हे. खिशाचं तोंड सहज मिटलं पाहिजे.

खिसा आणि जाडी

इथून पुढे थोडे पैसे लागतात, निदान मासळीवाल्या मावशींचा वेळ तरी.

तुकडी सव्वा इंच जाडीची मागा. नेहमीची अर्ध्या-पाऊण इंचाची तळायला चांगली, पण भरायला नाही. तिच्यात खिसा केला की दोन्हीकडच्या भिंती कागदासारख्या होतात. माशाच्या मधल्या भागातली घ्या. शेपटीकडची निमुळती असते, एक बाजू आधी जळते.

खिसा पाठीकडून करायचा. तुकडी आडवी ठेवून कातडीच्या कडेतून, जाडीच्या बरोबर मधोमध, सुरीचं टोक मधल्या काट्याला टेकेपर्यंत आत न्या. तोंड दोन बोटं रुंद ठेवा, आत मात्र सुरी पंख्यासारखी फिरवून जागा मोठी करा. रुंद तोंड म्हणजे सारणाला मोकळं दार. सुरी बोथट असेल तर मांस फाटतं, आणि फाटलेली जागा विस्तवावर आणखी उघडते. मावशींना सांगितलं तर त्या कोयत्यानं नाही, बारीक सुरीनं करून देतात. फक्त गर्दीच्या रविवारी सांगू नका.

काट्यालगतचं काळपट रक्त नखानं खरवडून काढा. पोटाच्या पोकळीत काळसर पडदा असेल तर तोही. उग्र वास आणि कडवटपणा बऱ्याच वेळा तिथलाच असतो, आणि पुढे वाईनशी भांडतो तोही हाच.

तोंड बंद करायला टूथपिक चालते, पण अर्धा तास पाण्यात भिजवून. मला केळीच्या सोपाची दोरी आवडते. तुकडीभोवती आडवी एक फेरी आणि सैल गाठ. सुती दोराही चालेल, नायलॉन नको, वितळतो.

विस्तव

बाहेर काळी आणि आत कच्ची, याचं उत्तर इथे. सगळ्या शेगडीभर निखारे सारखे पसरू नका. एका बाजूला दाट, दुसरी जवळजवळ रिकामी. दाट बाजूवर दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं देऊन रंग आणायचा, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर पातेलं पालथं घालायचं आणि चार-पाच मिनिटं तसंच ठेवायचं. जाड, भरलेल्या तुकडीला दोन वेगवेगळ्या आचा लागतात. एकाच आचेवर दोन्ही कामं करू गेलं की एक बिघडतंच.

झालं की नाही ते बघायला थर्मामीटर असेल तर सारणाच्या मधोमध ६३ अंश. नसेल तर स्टीलची बारीक सळई काट्यालगत पाच सेकंद खुपसा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. कोमट लागली तर नाही झालं, चटका बसला तर झालं. तुकडी भरलेली आहे, सारणाला कच्च्या माशाचं पाणी लागलेलं आहे, त्यामुळे ‘थोडी कच्ची छान लागते’ हा शहाणपणा इथे नको.

आणि त्या पांढऱ्या थेंबांचं: ती माशातलीच प्रथिनं, उष्णतेनं आक्रसलेल्या स्नायूंनी बाहेर पिळून काढलेली. दोन-चार थेंब दिसले तर काही बिघडत नाही. पण साबणाच्या फेसासारखी दिसू लागली तर लगेच उतरवा. खाली काढल्यावरही आतली उष्णता दोन-तीन मिनिटं शिजवत राहते, तेवढं गृहीत धरा.

निखारे राखेनं पांढरे होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात कोळसा दमट होतो, तडतडतो, धुरकट जळतो. आदल्या दिवशी उन्हात, ऊन नसेल तर लोखंडी पत्र्यावर पसरून ठेवा. रॉकेल ओतून पेटवू नका, त्याचा वास मासा पहिल्या मिनिटाला उचलतो.

एक खास नाशिकचा मोह असतो, द्राक्षाच्या काड्यांचा. एप्रिलमधली खरड छाटणी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्समध्ये बोर्डोकडे वेलीच्या काड्यांवर मांस भाजायची जुनी रीत आहे, हे ऐकून मीही पोतंभर आणल्या. मळेवाला मित्र म्हणाला, “मोरचूद चाखायचाय का?” द्राक्षवेलींवर बुरशीसाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, शिवाय हंगामभर मारलेली बाकीची औषधं. त्या काडीवर काय काय सुकलंय हे मळेवाल्यालाच माहीत. फवारणीची खात्री नसेल तर काड्या अंघोळीच्या बंबालाही नकोत, माशाखाली तर नाहीच.

इतकं करूनही चिकटली तर

दोन पाती असलेली, मिटणारी जाळी मिळते. तुकडी तिच्यात मिटवून ठेवायची, उलटताना सगळी जाळीच उलटायची. किंवा केळीचं पान विस्तवावर शेकून मऊ करा, तेल लावा आणि तुकडीखाली घाला. चिकटणं शंभर टक्के थांबतं, पण भाजल्याचा खमंगपणा कमी होतो. मी याला गळत्या पाइपवर चिंधी बांधणं म्हणतो. पाहुणे जेवायला बसलेत तेव्हा चिंधीसुद्धा देवासारखी असते, फक्त तिला दुरुस्ती समजू नये.

मासाच बदलायचा असेल तर

ही सगळ्यात महाग तपासणी, म्हणून खाली ठेवली. नाशिकला समुद्र नाही. सुरमई येते ती बहुतेक मुंबईच्या धक्क्यांवरून, बर्फात, कसारा घाट चढून, सुमारे १७० किलोमीटर. म्हणजे मासा किती ताजा यापेक्षा वाटेत तो किती थंड राहिला, हा इथला खरा प्रश्न. तुकडे केलेल्या माशाचे डोळे आणि कल्ले बघता येत नाहीत, म्हणून शक्यतो अख्खा मासा बघून समोर कापून घ्या. कापलेलाच असेल तर मांस बोटानं दाबा, खळगा लगेच भरला पाहिजे. थर एकमेकांपासून सुटे दिसले, पाटीत खाली गुलाबी पाणी साचलं असेल, तर भाजायला नको. त्या दिवशी आमटी करा.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा मिळणारी सुरमई बहुतेक गोठवलेली असते. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर पाणी जास्त सुटतं. रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर वितळवा, पंचा दोनदा वापरा. त्या दिवसांत धरणातला कटला स्वस्त मिळतो, पण त्याच्या मांसात दुतोंडी बारीक काटे असतात. सारणासकट घास घेताना ते समजत नाहीत. लहान मुलं जेवायला असतील तर कटला भरू नका.

वाईनची तक्रार

इथेही तोच क्रम, बाटली बदलणं शेवटी.

आधी तापमान. पांढरी वाईन आठ ते दहा अंशांला हवी. एप्रिलमध्ये नाशिकची गच्ची संध्याकाळी सातलासुद्धा भट्टी असते. तिथे अर्धा तास उघडी राहिलेली बाटली कोमट होते, आणि कोमट वाईनमध्ये फक्त दारू जाणवते. बादलीत बर्फ, तो बुडेल इतकं पाणी आणि मूठभर मीठ. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका. पाण्याशिवाय बर्फ बाटलीला चहूकडून भिडत नाही. डिसेंबरात हे काहीच लागत नाही, बाटली कठड्यावर ठेवली तरी पुरे.

मग सारण चाखा. आपल्याकडे हिरव्या चटणीत चिमूटभर साखर घालायची सवय असते. गोड घासानंतर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन आंबट आणि पातळ लागते, आणि दोष बाटलीला जातो. साखर काढून बघा. लिंबू फार झालं तर उलटं होतं, वाईन बेचव, पाणचट लागते. पानातला आंबटपणा पेल्यातल्या आंबटपणाहून थोडा कमीच हवा.

जाळ दुप्पट होतो तो दारूच्या प्रमाणामुळे. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं. मिरची कमी करायची नसेल तर हलकी, किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन घ्या, त्या गोडव्यानं जिभेला उसंत मिळते. कोथिंबीर-मिरचीचं सारण, तेही सौम्य, असेल तर सोविन्यों ब्लांक, हीही पांढरीच. तिच्यातच हिरव्या सिमला मिरचीसारखा वास असतो, दोघांची गट्टी जमते. राजीव सामंत यांनी सुला ही वाईन कंपनी सुरू केली ती १९९९ मध्ये, गंगापूर धरणाजवळ, आणि सुरुवातीलाच द्राक्षांच्या याच दोन जातींवर भर दिला. त्यामुळे नाशिकच्या दुकानात या दोन शोधायला कष्ट पडत नाहीत. लाल मालवणी मसाला भरला असेल तर कोरडी रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, किंवा बुडबुड्यांची वाईन. बुडबुडे तेल आणि खोबरं जिभेवरून धुऊन नेतात.

गंजक्या खिळ्याची चव आली तर बहुधा तुम्ही तांबडी उघडलीय. याचं कारण बरीच वर्षं टॅनिनवर, म्हणजे तांबडीतल्या तुरट घटकावर, ढकललं जायचं. २००९ मध्ये जपानच्या मर्सियन कंपनीतल्या संशोधकांनी शिंपल्यांसोबत अनेक वाईन चाखून दाखवलं की माशाळ चव येते ती वाईनमधल्या लोहामुळे. लोह बांधून टाकलं की तो वास कमी झाला. लोहाचं प्रमाण लेबलवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे तांबडीत जुगार आहे. एखादी जमून जाते, दुसरी नाही. शिवाय जुन्या माशातली चरबी खवट होत आलेली असते, तिथे ही चव आणखी उग्र येते. म्हणून गंज लागला की बाटलीबरोबर माशाकडेही संशयानं बघा, आणि काट्यालगतचं रक्त काढलं होतं का ते आठवा.

भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती बुचाची बाधा. हवा देऊन, थंड करून, काही करून जात नाही. बाटली दुकानात परत करा. नाशिकच्या बऱ्याच पांढऱ्या वाईनना आता फिरकीचं झाकण असतं, त्यांच्यात ही भानगड सहसा नसते.

इथे थांबा, स्वतः दुरुस्ती करू नका

गॅसची शेगडी असेल आणि वास येत असेल तर नळीला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं बटण दाबायचं नाही, बाहेर येऊन गॅसगळतीच्या १९०६ वर फोन. मी रोज व्हॉल्व्ह उघडणारा माणूस आहे, तरी घरच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला हात लावत नाही.

पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत नेऊ नका. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात आणि त्याला वास नसतो. डोकं दुखू लागलं, गरगरलं, तर सगळ्यांना घेऊन आधी उघड्यावर. कुणी गुंगीत असेल तर १०८.

घशात काटा अडकला तर भाताचा गोळा, केळं, पावाचा तुकडा गिळून तो खाली ढकलायचा नसतो. काटा त्यानं आणखी रुततो. एकदोनदा खोकून निघाला तर ठीक, टोचणं राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. श्वास अडत असेल, लाळ गिळता येत नसेल तर वाट न बघता दवाखाना.

आणि शेवटचं, जे लोक ‘मसाला लागला’ म्हणून सोडून देतात. सुरमई, बांगडा, टुना एकाच घराण्यातले. हा मासा वाटेत किंवा पाटीत उबेला राहिला तर त्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं, आणि ते भाजून, तळून, उकळून जात नाही. त्याला दर वेळी वासही येतो असं नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज, गांधी, डोकेदुखी, छातीत धडधड. घास मिरीसारखा चुरचुरला तर तिथेच थांबा, मिरची आहे असं समजून पुढे खाऊ नका. वर सांगितलेलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि कुठला मासा, किती वाजता खाल्ला ते सांगा, औषध त्यावरून ठरतं. श्वासाला त्रास असेल तर थेट इस्पितळ. मग मासळीवाल्या मावशींना फोन करा, रागानं नको, पण त्याच दिवशी. त्याच सुरमईच्या बाकीच्या तुकड्या अजून त्यांच्या पाटीत असतील.